ग्रुप कंचा गो तुजा?

आमच्या आत्याने आयुष्यात कधी नव्या नवरीला उखाणा घ्यायला सांगितलं नाही. लग्नघरात पंगती उठल्या, नवरी जरा खुर्चीला टेकली आणि बायका "नाव घे गो, नाव घे गो" करत तिच्या मागे लागल्या की आत्या त्या घोळक्यातून वाट काढत पुढे यायची. नवरीचा चुडा भरलेला हात आपल्या खरखरीत हातात धरायची आणि सगळ्यांदेखत विचारायची, "ग्रुप कंचा गो तुजा?" माझ्या दादाच्या लग्नात, पेणच्या हॉलमध्ये, वैशालीवहिनीला तिने असंच गाठलं. वहिनी बिचारी भांबावली. "ओ पॉझिटिव्ह," ती चाचरत म्हणाली, आणि आत्याचा जीव भांड्यात पडला. "मंग ऱ्हा सुखानं," असा आशीर्वाद देऊन आत्या जेवायला निघून गेली. वहिनीची मावशी माझ्या आईच्या कानाला लागून "यांचं डोकं ठीक आहे ना?" विचारत होती. आई काय सांगणार! तिने साडीचा पदर सारखा केला आणि आइस्क्रीम वाढायला गेली.

खाडीकाठच्या आमच्या गावापासून पार रोह्यापर्यंत लोक तिला 'ग्रुपवाली आत्या' म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. हळदीकुंकवाला, एसटी स्टँडवर, गणपतीच्या आरतीला, जिथे नवं मंगळसूत्र दिसेल तिथे तिचा प्रश्न तयार. मला एकटीला मात्र तिने तो कधी विचारला नाही. म्हणजे एकदाच विचारला, सगळ्यांच्या नंतर. तिने तो विचारला नसता तर आज माझी मुलगी माझ्या मांडीवर असती की नाही, मला सांगता येत नाही. माझं रक्त निगेटिव्ह आहे. आत्याचंही निगेटिव्हच होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबा धरमतरच्या खाडीलगत मिठागरावर कामाला होते आणि लग्नापर्यंत आत्याही त्यांच्या बरोबरीने मीठ ओढायची. उंचीला भरपूर, हाडापेराने दणकट, आणि टाचांना अशा भेगा की त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत. तिला दिलं रोह्याजवळ वरश्याला, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरात. तेव्हा वरसे म्हणजे नुसती शेतं होती, आता तिथे इमारतीच इमारती झाल्या आहेत. जेवायला बसली की ती आधी चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन जिभेला लावायची. "आधी मीठ, मंग भात," असं म्हणायची. पाकिटातल्या बारीक मिठाला ती पावडर म्हणायची आणि त्याचा तिला मनस्वी राग होता. माहेरी आली की जाताना जाड्या मिठाची पिशवी काखेत मारून निघायची, जणू रोह्यात मीठ मिळतच नाही.

तिच्या या मिठामागे काय होतं हे मला बरंच उशिरा कळलं. आत्याला पहिली मुलगी झाली ती नंदाताई. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ते आमच्याकडे झालं, घरातच, सुईणीच्या हातून. आजीने शेकशेगडीपासून डिंकाच्या लाडवांपर्यंत कशाची कसर ठेवली नाही. आत्या ठणठणीत, नंदाताई गुटगुटीत. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, वरश्याला. जन्मला तेव्हा चांगला रडला, आणि संध्याकाळपर्यंत पिवळा पडला. डोळे पिवळे, तळवे पिवळे, लंगोट पिवळे. तिसऱ्या दिवशी गेला. नजर लागली, कुणी म्हणालं. कुणी अंगारा आणला. सासूने मात्र कारण शोधून ठेवलं होतं. "मिठागराची पोर ही. हिच्या पोटात मीठ हाय. त्याच्यात पोर कशी जगंल? इरघळनारच."

आणि आमच्या आत्याने, मिठाशिवाय ज्या बाईला घास उतरत नसे तिने, पुढच्या खेपेला नऊ महिने मीठ सोडलं. भात अळणी, आमटी अळणी. सुके बोंबील तर तिने घराबाहेर ठेवायला लावले. सातव्या महिन्यात वडील तिला भेटायला गेले, तेव्हा तिच्या ताटातली आमटी त्यांनी चाखून पाहिली. "आमच्या घरची पोर अळणी जेवत होती," एवढंच ते म्हणत. ते मूल पोटातच गेलं. सुजलेलं होतं म्हणतात. त्यालाही आत्याने डोळे भरून पाहिलं, कुणी नको नको म्हणत असतानाही पाहिलं.

त्यानंतर वडिलांनीच तिला आणि तिच्या नवऱ्याला पेणला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघांचं रक्त तपासलं आणि मग समजावून सांगितलं. तुझं रक्त निगेटिव्ह, नवऱ्याचं पॉझिटिव्ह. पहिली मुलगी बापाच्या रक्ताची. ती जन्मताना तिचं थोडं रक्त तुझ्या अंगात मिसळलं, तुझ्या अंगाने ते परकं मानलं आणि त्याच्याशी लढायला शिकलं. पहिलीला काही झालं नाही, कारण ती तोवर बाहेर आली होती. पुढच्यांना ते सापडतंय. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन दिलं असतं तर हे टळलं असतं. आत्याने लगेच दंड पुढे केला. "मंग द्या आता." डॉक्टर म्हणाले, आता देऊन उपयोग नाही बाई, अंग एकदा शिकलं ते विसरत नाही.

घरी आल्यावर यातून दोन घरांत जे व्हायचं तेच झालं. सासरचे म्हणू लागले, पहिलं बाळंतपण तुमच्याकडे, सुई तुम्ही द्यायला हवी होती. आजी म्हणे, आमच्या बापजाद्यांनी अशी सुई ऐकली नव्हती, तुम्ही तरी कुठे सांगितलीत? पहिलं बाळंतपण हा आईचा मान असतो. त्या मानालाच असा बट्टा लागलेला आजीला सोसला नाही. कितीतरी वर्षं तिने वरश्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. आत्याच्या नवऱ्याला लोकांनी दुसरी कर म्हणून सांगून पाहिलं. तो शांत माणूस, तो म्हणाला, "दुसरीचा तरी रगत मी काय बघून आनू?" आणि विषय संपवला. आत्या पुन्हा मीठ खायला लागली. आधीपेक्षा जास्तच खायला लागली.

आणि तिने विचारायला सुरुवात केली. तिला त्यातलं फार काही कळत होतं असं नाही. निगेटिव्ह रक्त पातळ असतं असं ती सांगायची, मासे खाऊन ते जरा घट्ट होतं असंही सांगायची. नवरा-बायको दोघं निगेटिव्ह असतील तर भीती नसते, हे मी तिला दहादा सांगितलं असेल, तिला ते पटलं नाही. तिला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या, ग्रुप आणि सुई. "एक सुई, बाय. इसरू नको." आणि हे सांगताना ती आपली दोन्ही मुलं सांगायची. पिवळे लंगोट, सुजलेले पाय, सगळं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण हातात धरून अवघडून ऐकत राहायच्या. बारशाला ती हिरवं नाहीतर लाल झबलं न्यायची. पिवळं झबलं कुणी आणलेलं दिसलं की ते उचलून इतर कपड्यांखाली घालायची. मी तिची चेष्टा करायची. "आत्या, आता दवाखान्यात आधी ग्रुपच बघतात. तुझी नोकरी गेली." ती म्हणायची, "बघू दे की. माज्या इचारन्यानं कुनाचा काय झिजतंय?"

झिजलं. तिच्या दिराचा मुलगा प्रशांत कंपनीत लागला आणि त्याच्यासाठी कासूची मुलगी पाहिली. कविता तिचं नाव. बारावी झालेली, हसतमुख, कामाला चटपटीत. मुलगा-मुलीची पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मंडळी कासूला गेली, आत्या अर्थातच बरोबर होती. मुलीच्या हातचा चहा झाला आणि आत्याने तिचा हात धरला. "ग्रुप कंचा गो तुजा?" मुलगी शाळेत कधी तपासणी झाली होती ती आठवून सरळ म्हणाली, "बी निगेटिव्ह."

आत्याला एवढंच सांगायचं होतं की बाय, पहिल्या खेपेला सुई घे. ती ते सांगतही होती. पण ऐकत कोण होतं? आत्याच्या धाकट्या जावेचा, म्हणजे प्रशांतच्या आईचा, चेहरा पडला. त्या घरात तीस वर्षं सगळ्यांनी आत्याची मुलं ऐकली होती. पिवळा पडलेला ऐकला होता, सुजलेला ऐकला होता. सुई कुणाच्या लक्षात राहिली नव्हती, मुलं राहिली होती. चार दिवसांनी कासूला निरोप गेला, पत्रिका जुळत नाही.

आत्या जावेशी भांडली. मी तेव्हा वरश्याला होते, मी ऐकलं आहे ते. "अगं एक सुई हाय ती! बाजारात मिळते!" आत्या ओरडत होती. जाऊ आवाज न चढवता म्हणाली, "वयनी, आयुष्यभर तुमीच सांगत आलात ना, काय होता ता? आमच्या पोराच्या नशिबी जानूनबुजून कशाला?" आत्या मागच्या दारी जाऊन बसली आणि वालाच्या शेंगा सोलत राहिली, सोललेले दाणे आणि सालं एकाच सुपात टाकत.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या वडिलांना घेऊन कासूला गेली, माफी मागायला. कविताच्या आईने दोघांना ओट्यावरच थांबवलं. पाणीही विचारलं नाही. "पोरीचा नाव गावात झाला," ती म्हणाली. "रगत खराब हाय म्हनतात. कोन बोलला पयला? तूच ना?" वडील सांगत, येताना गाडीत आत्या खिडकीशी बसली ती रोह्यालाच उठली.

त्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं. लग्नात आली तर मागच्या रांगेत बसायची. बायका मुद्दाम डिवचायच्या, "काय आत्या, इचारायचा नाय काय आज?" ती मान हलवायची. जेवायला मात्र मीठ आधी घ्यायची, तेवढीच जुनी आत्या शिल्लक राहिली होती. मला तिची चीड यायची. इतकी मोठी धिप्पाड बाई एका मोडलेल्या सोयरिकीने अशी खचते कशी, असं वाटायचं. वय कमी होतं माझं.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजात रक्तदान शिबिर झालं आणि माझा ग्रुप मला कळला. घरी येऊन आईला सांगितलं तर तिच्या काळजात धस्स झालं. आजारासाठी नव्हे, लग्नासाठी. "कुठे बोलायचं नाही," आई म्हणाली. "आणि आत्याला तर अजिबात नाही." म्हणजे पाहा. ज्या घरातून तो प्रश्न सगळ्या तालुक्याला विचारला गेला, त्याच घरात त्याचं उत्तर लपवायची वेळ आली. माझं लग्न रोह्यातल्याच मुलाशी ठरलं. त्याला मी लग्नाआधी सांगितलं, तो "बरं" म्हणाला आणि विसरला. सासूबाईंना कुणी सांगितलं नाही. हळद लागली तेव्हा आत्या मागच्या रांगेत बसली होती. तिने माझ्या गालाला हळद लावली, तोंडावरून हात फिरवला, आणि काहीतरी विचारायला ओठ उघडून पुन्हा मिटले. ते मी पाहिलं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मला दिवस राहिले. आपल्याकडे तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. आम्हीही सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, तीन महिने होऊ दे, मग जाऊ. दुसरा महिना सरता सरता एका सकाळी पोटात कळा आल्या आणि सगळं संपलं. सासूबाईंनी माझं सगळं आईच्या मायेने केलं, खोटं कशाला बोलू. शेक दिला, अळिवाची खीर दिली. "आपोआप मोकळी झालीस, बरं झालं. कुणाला कळलंही नाही. दवाखान्यात कशाला नाचायचं त्यासाठी?" माझंही मन असं विटून गेलं होतं की कुणी तोंड पाहू नये असंच वाटत होतं. इंजेक्शन बाळंतपणानंतर असतं, हे बाळंतपण कुठे होतं? माझ्या डोक्यात तो विचार आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती वालाचं बिरडं घेऊन आली होती, दर हंगामात यायची तशी. मी अंथरुणावर होते. तिने डबा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं, आणि सासूबाईंना म्हणाली, "विहीणबाय, मला वाईच चा द्या." सासूबाई आत गेल्यावर तिने खोलीचं दार लोटलं. माझ्याजवळ बसली. माझा हात धरला. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"ग्रुप कंचा गो तुजा?"

मी रडायला लागले. आधीचे दोन दिवस मी रडले नव्हते. "निगेटिव्ह," मी म्हटलं, "आत्या, तुझाच."

ती किंचाळली नाही की कपाळावर हात मारून घेतला नाही. उठली, माझी चादर बाजूला केली आणि दोरीवरची साडी माझ्या अंगावर टाकली. "ऊठ." चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या. "हिचा ग्रुप निगेटिव्ह हाय, सुईचा इचारायला हवा," आत्याने सांगितलं तसं त्यांचं तोंड उतरलं. "अहो, दोन महिन्यांचं होतं ते. त्याला कसली सुई?" त्या म्हणाल्या.

"मला नाय ठाव," आत्या म्हणाली. "लागते का नाय लागत, मला नाय ठाव. तवा पन मला नाय ठाव होता, म्हनून दोन पोरं गेली. आता इचारून तरी येऊ."

"आणि हिचा ग्रुप असा आहे, हे आम्हाला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही."

आत्या वळली. "सांगितला असता तर केली असती काय सून?" तिने विचारलं. भांडायच्या सुरात नाही, खरंच विचारत असल्यासारखं. सासूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्या चपला आणून दिल्या.

रिक्षाने आम्ही तिघी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, घ्यायला हवं, आणि आजच घ्यायला हवं, उद्याचा भरवसा नको. पण त्यांच्याकडे ते इंजेक्शन शिल्लक नव्हतं आणि रोह्यात ज्या दोन दुकानांत विचारलं तिथेही नव्हतं. दादाला फोन केला. त्याने पेणला मिळवलं. ते थंडच ठेवावं लागतं, म्हणून मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन, थर्माकोलच्या डब्यात घालून तो मोटरसायकलवरून निघाला. तोवर आत्या दवाखान्याच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली होती. येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलला ती उठून उभी राहायची. दादा आला तेव्हा डब्याला बोंबलांचा वास येत होता. डॉक्टरबाईंनी नाक मुरडलं आणि इंजेक्शन दिलं. सुई आत जाताना आत्या माझ्या दंडाकडे अशी एकटक पाहत होती की मला तिच्याकडे पाहवेना. पस्तीस वर्षं ज्या सुईचं नाव ती घेत आली होती, ती तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला आम्ही पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना सांगितलं, दृष्ट गेली खड्ड्यात. तपासण्या झाल्या, माझ्या अंगाने अजून काही शिकून घेतलेलं नव्हतं. सातव्या महिन्यात एक सुई झाली. बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, पेणला, पण दवाखान्यात. आत्या वरश्याहून आपली पिशवी घेऊन दोन दिवस आधीच आली होती. मुलगी झाली. नर्स तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली, आईने घेतली, दादाने घेतली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. "आधी सुई, मंग बाळ," ती म्हणाली. बाळाचा ग्रुप आला, पॉझिटिव्ह, बापाचा. मला इंजेक्शन दिलं गेलं. ते देऊन झाल्याचं नर्सच्या तोंडून ऐकल्यावर आत्याने हात पुढे केले आणि बाळाला खिडकीपाशी उजेडात नेऊन तिचे तळवे आणि डोळे पाहिले.

तिसऱ्या दिवशी बाळ जरासं पिवळं पडलं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ बाळांना होते तशी साधी कावीळ आहे, निळ्या दिव्याखाली एक-दोन दिवस ठेवू. आम्ही सगळे ऐकून हुश्श झालो. आत्या नाही. ती काचेबाहेर बाकावर बसली ती उठली नाही. आईने घरून डबा आणला. संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझी आत्या डाळ परत करते आहे. कोरडा भात खातेय. मिठाला हात लावत नाही."

मी टाके सांभाळत बाहेर गेले. मला राग आला होता, तोंडातून तोच निघाला. "आत्या, मिठाचा काही संबंध नाही हे तुला माहीत आहे ना?"

"म्हायती हाय गो," ती म्हणाली. डोळे काचेवरच होते. "तवापासून म्हायती हाय. पन माज्या हातात दुसरा काय हाय?"

मी तिच्या शेजारी बसले. बाळ दिव्याखालून बाहेर आलं त्या दुपारी तिने आईने आणलेल्या डब्यातलं सुक्या बोंबलांचं कालवण खाल्लं, आधी तळहातावर चिमूटभर मीठ घेऊन.

मुलीचा पहिला वाढदिवस आत्याने पाहिला. लाल फ्रॉक आणला होता. निघताना जिन्यात थांबून मला म्हणाली, "त्या कासूच्या पोरीचा काय झाला असंल गो? लगीन झाला म्हनतात. पन ती आता कुनाला सांगनार नाय. माज्यापायी नाय सांगनार. तिला कोन इचारील?" मी म्हटलं, दवाखान्यात विचारतील, आत्या. ती म्हणाली, "तुला इचारला?" आणि कठड्याला धरून उतरायला लागली. त्यानंतर महिन्याभराने ती वरश्याला दुपारी पडवीत बसल्या जागी गेली. मी गेले तेव्हा नंदाताईने तिला अंघोळ घालून हिरवी साडी नेसवली होती. टाचांच्या भेगा तशाच होत्या.

दिवसकार्य झाल्यावर मी मुलीला घेऊन रेल्वेने पेणला निघाले होते. कासू आलं आणि मी उतरले. ठरवून नव्हे. प्लॅटफॉर्मवर उभी राहिल्यावर मला भीती वाटली, आता जाऊन बोलायचं काय? विचारत विचारत घर सापडलं. कविताची आई ओट्यावर भात पाखडत होती. वरश्याच्या बाईची भाची म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"ती म्हातारी?" ती म्हणाली. "ती यायची. वरसातून एकदा तरी यायची. तिथं, त्या पायरीवर बसायची. पोरीला सुई द्या, एवढाच बोलायची आनि जायची. मी कधी उंबऱ्याच्या आत नाय घेतला तिला. पानी नाय दिला."

हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई उठली, आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवलं. मग माझ्या मुलीच्या गालाला बोट लावलं.

"कविताला पन पोर झाला. मुलगा," ती म्हणाली. "आमी आधीच सांगून लगीन केला, लपवला नाय. पयल्या खेपेला सुई दिली, मी सोता हुबी होती तिथं. म्हातारीला सांग, दिली म्हनून. आनि म्हनावं, आता आलीस तर आत ये."

मी पाणी प्यायले. सगळं प्यायले.

"सांगते," मी म्हटलं.